कसबा पडला तो कशामुळे?

दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या पुणेकरांच्या गप्पांत कसबा पेठेची पोटनिवडणूक अजून निघते. 2 मार्च 2023 रोजी काँग्रेसच्या रवींद्र धंगेकरांनी भाजपच्या हेमंत रासनेंना सुमारे 11 हजार मतांनी हरवलं. त्या निकालाबद्दल जे छातीठोकपणे सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं आकड्यांपुढे टिकत नाही.

‘कसबा म्हणजे भाजपचा अभेद्य गड.’ 1995पासून जागा भाजपकडे होती, हे खरं. पण 1991च्या पोटनिवडणुकीत इथेच भाजपचे गिरीश बापट काँग्रेसच्या वसंत थोरातांकडून हरले होते. आणि 2009मध्ये मनसेचे उमेदवार म्हणून याच धंगेकरांनी बापटांची आघाडी सुमारे 8 हजारांवर आणली होती.

‘टिळकांच्या घरात तिकीट दिलं नाही, म्हणून ब्राह्मण मतं फुटली.’ इथल्या भाजप आमदार मुक्ता टिळकांच्या निधनानंतर उमेदवारी घराबाहेर गेली, नाराजीही होती. पण त्याच मुद्द्यावर उभे राहिलेले हिंदू महासंघाचे आनंद दवे यांना मिळालेली मतं नगण्य होती. खरा फरक विरोधकांच्या, म्हणजे महाविकास आघाडीच्या, एकीने पडला. पुरावा त्याच दिवशीच्या चिंचवड पोटनिवडणुकीच्या निकालात आहे. तिथे भाजपच्या अश्विनी जगताप सुमारे 36 हजारांनी जिंकल्या. राष्ट्रवादीचे नाना काटे आणि बंडखोर राहुल कलाटे यांची मतं मिळवली तर ती जगतापांच्या मतांहून जास्त भरतात. सगळीच मतं एकमेकांकडे वळली असती असं नाही, तरी बंडखोरी किती महाग पडते ते दिसतं.

सर्वांत घातक समज म्हणजे ‘पोटनिवडणूक ही पुढच्या निवडणुकीची रंगीत तालीम’. कसब्यात आजारी बापट नाकाला ऑक्सिजनची नळी लावून, व्हीलचेअरवरून कार्यकर्त्यांसमोर आले, तरी मतदान निम्म्याच्याच आसपास राहिलं. नोव्हेंबर 2024मध्ये रासने 19 हजारांहून अधिक मतांनी जिंकले. धंगेकरांची मतं तेव्हा कोसळली नव्हती: 73 हजारांवरून 70 हजारांवर आली, इतकंच. रासनेंची मात्र 62 हजारांवरून 90 हजारांवर गेली. मधल्या काळात लाडकी बहीण योजना आली, हवा बदलली. पण माझ्या मते 2023मध्ये घरी बसलेला मतदार बाहेर पडला, हे मुख्य कारण. एका विजयावर राज्याचं गणित मांडणाऱ्या महाविकास आघाडीने हा घरी बसलेला मतदार मोजलाच नव्हता.

आता आपल्या इथला गैरसमज: ‘दुबईतून, वकिलातीत जाऊन मत देता येतं.’ नाही येत. अनिवासी भारतीयांना 2011पासून मतदार होता येतं. त्यासाठी फॉर्म 6अ ऑनलाइन भरता येतो, आणि पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव लागतं. मत द्यायला मात्र मूळ पासपोर्ट घेऊन त्याच केंद्रावर स्वतः जावं लागतं. प्रतिनिधीमार्फत मतदानाचं विधेयक 2018मध्ये लोकसभेत मंजूर झालं आणि 2019मध्ये लोकसभा विसर्जित होताच बारगळलं. ते पुन्हा आणा, हा आग्रह कसब्यासारख्या थोडक्या मतांवर फिरणाऱ्या जागांवरच्या पक्षांकडे आपण जोरात धरायला हवा.