परिवीक्षेतील सेवासमाप्ती : आदेशातील शब्द आणि त्यामागचे कारण

भोपाळच्या शिवाजी नगरात शासकीय निवासस्थाने मोठ्या संख्येने आहेत. अशा घरात राहणाऱ्याची नोकरी गेली की घरही सोडावे लागते. त्यामुळे सेवासमाप्तीचा आदेश केवळ पगारापुरता नसतो. २०२३ मध्ये मध्य प्रदेश सरकारने उच्च न्यायालयाच्या शिफारशीवरून सहा महिला दिवाणी न्यायाधीशांची सेवा संपवली. परिवीक्षा काळातील काम असमाधानकारक, एवढेच कारण. पुढे सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, उच्च न्यायालयाने फेरविचार करून चौघींना परत घेतले. दोघी मात्र बाहेरच राहिल्या.

परिवीक्षाधीन कर्मचाऱ्याला केव्हाही काढता येते, असा सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा. काम पसंत पडले नाही म्हणून सेवा संपवता येते. पण गैरवर्तनाच्या तक्रारी हाच आदेशाचा पाया असेल, तर ती शिक्षा ठरते आणि शिक्षेपूर्वी आरोप कळवून बाजू ऐकावी लागते. आदेशाची भाषा कितीही सौम्य असो, न्यायालय त्यामागचे कारण तपासते. पंजाबमधील परिवीक्षाधीन न्यायिक अधिकाऱ्यांच्या प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठाने १९७४ मध्येच हे स्पष्ट केले होते. तरीही न्याय देणाऱ्यांनाच तो पुन्हा मागावा लागला, हे खटकणारे आहे.

२८ फेब्रुवारी २०२५ रोजी न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि एन. कोटीश्वर सिंह यांच्या पीठाने उर्वरित दोघींची सेवासमाप्ती दंडात्मक, मनमानी व बेकायदेशीर ठरवली. एकीचे निकाली प्रकरणांचे प्रमाण घसरले होते. त्याच काळात तिचा गर्भपात झाला होता, भावाला कर्करोगाचे निदान झाले होते. आकडे पाहिले गेले, परिस्थिती नाही. दोघींना पंधरा दिवसांत सेवेत घेण्याचा आदेश झाला, ज्येष्ठता मिळाली. मधल्या काळाचे आर्थिक लाभ मात्र निवृत्तिवेतनाच्या हिशेबापुरतेच.

औरंगाबादच्या एका प्राथमिक शिक्षिकेला २०१३ मध्ये याच न्यायालयाने थकीत वेतन पूर्ण मिळवून दिले होते. बेकायदेशीरपणे काढलेल्या कर्मचाऱ्याने आपण अन्यत्र कमावत नव्हतो असे सांगितल्यावर, उलट सिद्ध करण्याचा भार मालकावर येतो, असे त्या निकालात म्हटले आहे.

खासगी कंपन्यांना राज्यघटनेचे कलम ३११ लागू नाही. तेथे कामगार कायदे व स्थायी आदेश पाहावे लागतात. त्यामुळे नियुक्तिपत्र, कारणे दाखवा नोटीस आणि तिला दिलेल्या उत्तराची पोच जपून ठेवणे कर्मचाऱ्याच्या हिताचे असते.