रणगाड्यांना वाट करून देणारा वीर

रणगाडे कितीही बलाढ्य असले तरी डोंगराळ मुलुखात त्यांना पुढे सरकण्यास रस्ता लागतो. १९४८ च्या एप्रिल महिन्यात जम्मूच्या पहाडी भागात हा रस्ता खुला करण्याची जबाबदारी सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे या कनिष्ठ अधिकाऱ्यावर आली. त्यांनी ती ज्या धैर्याने पार पाडली, त्याचा गौरव पुढे परमवीरचक्राने झाला.

कारवारजवळील चेंडिया गावच्या राणे यांचा जन्म २६ जून १९१८ रोजी झाला. १९४० मध्ये ते बॉम्बे सॅपर्समध्ये साधे जवान म्हणून दाखल झाले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर कामगिरी बजावली. डिसेंबर १९४७ मध्ये त्यांना अधिकारपद मिळाले.

राजौरीची निकड

नोव्हेंबर १९४७ मध्ये राजौरी शत्रूच्या हाती पडली होती. तेथील नागरिकांवर अनन्वित अत्याचार होत असल्याने विलंब परवडणारा नव्हता. परंतु नौशेऱ्याहून राजौरीस जाणारा रस्ता शत्रूने सुरुंग पेरून, झाडे आडवी पाडून आणि मोऱ्या उडवून बंद केला होता.

चार दिवसांची झुंज

८ एप्रिल रोजी सकाळी अकराच्या सुमारास काम सुरू होण्यापूर्वीच राणे यांच्या तुकडीवर उखळी तोफांचा मारा झाला. दोन जवान ठार झाले. स्वतः राणे यांच्यासह पाच जण जखमी झाले. तरीही त्यांनी तुकडीची तत्काळ फेररचना करून काम हाती घेतले. सायंकाळी बरवाली टेकडी काबीज होताच ते पुढे सरसावले आणि मशीनगनच्या माऱ्यात रात्री दहापर्यंत रणगाड्यांसाठी वळणरस्ता तयार करीत राहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला काम पुन्हा सुरू झाले. दुपारी तीनच्या सुमारास वळणरस्ता तयार झाला व सैन्य पुढे निघाले. वाटेत पाडलेली पाईन जातीची झाडे स्फोटकांनी उडवावी, पुढे जावे, तोच उद्ध्वस्त मोरी आड यावी, असा क्रम चालू होता. अंधार पडत असता पाच प्रचंड वृक्षांचा व भोवती सुरुंग पेरलेला अडथळा समोर आला. १० तारखेस पहाटे पावणेपाच वाजता राणे त्याला भिडले आणि साडेसहापर्यंत तो दूर केला. त्यापुढील हजार यार्डांचा मार्ग अडथळ्यांनी भरलेला होता. तोही साडेदहापर्यंत मोकळा झाला. दुपारी दोनला रणगाडे चिंगसला पोहोचले. मागून येणाऱ्या रसदीच्या वाहनांना मात्र रस्ता हवाच होता. म्हणून अन्न व विश्रांती यांची पर्वा न करता राणे रात्री नऊपर्यंत राबले. ११ एप्रिल रोजी सकाळी अकरा वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता वाहतुकीस खुला झाला. दुसऱ्या दिवशी सैन्य राजौरीत शिरले आणि उरलेल्या नागरिकांची सुटका झाली.

गौरव

२६ जानेवारी १९५० रोजी परमवीरचक्राची स्थापना झाली. हयातीत हा सन्मान लाभलेल्या पहिल्या मानकऱ्यांत राणे यांचा समावेश होतो. पुढे मेजर म्हणून निवृत्त झालेल्या या वीराचे १९९४ मध्ये निधन झाले. २०२३ मध्ये अंदमान-निकोबारमधील एका बेटास त्यांचे नाव देण्यात आले.

ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर) व सातारा-सांगलीच्या परिसरात घरोघरी सैनिकी परंपरा जपली जाते. तेथील विद्यार्थ्यांना शौर्याचा अर्थ सांगताना शिक्षकांनी राणे यांची ही कथा अवश्य सांगावी. आघाडीच्या पुढे राहून, शत्रूच्या माऱ्यात, हाती घेतलेले काम तडीस नेणे हेही रणांगणावरील श्रेष्ठ शौर्यच होय.