अकरा ते चार

मित्रिबा हे नाव कुवेतमध्ये वर्षानुवर्षे राहून आलेल्या माणसालाही चटकन आठवत नाही. वायव्येच्या वाळवंटातलं एक हवामान केंद्र, एवढीच त्याची ओळख. २१ जुलै २०१६ ला तिथे पारा ५४ वर गेला. पुढे जागतिक हवामान संघटनेने उपकरणं तपासून तो आकडा ५३.९ केला आणि आशियातलं आजवरचं सर्वोच्च तापमान म्हणून त्यावर शिक्का मारला. या गोष्टीला दहा वर्षं होताहेत म्हणून जुन्या कुवेतकरांच्या आमच्या ग्रुपवर मर्दुमकीला ऊत आलाय. जो तो गाडीच्या डॅशबोर्डचा जुना फोटो टाकतो. कुणाचा ५६, कुणाचा ५८, एकाचा तर चक्क ६१! उन्हात तापलेल्या गाडीचा आकडा आणि सावलीत, वारा खेळत्या पेटीत मोजलेला आकडा एक नव्हे, हे सांगून सांगून मी थकलो. शिवाय हे सगळे वीर त्या दुपारी होते कुठे? एसीत.

कुवेतच्या आधीच्या माझ्या दुबईच्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. घरातून गाडीत, गाडीतून ऑफिसात, ऑफिसातून मॉलमध्ये. तिथे उन्हाळा काचेपलीकडे असायचा.

खरा उन्हाळा भेटला तो २००८ ते २०१८ या दशकात, कुवेतला. एका कंत्राटदाराकडे मी मोजमापं आणि बिलं बघायचो, त्यामुळे अर्धा दिवस साइटवर जायचा. राहायला सालमिया. तिथला पहिला धडा बिल्डिंगच्या हारिसने, म्हणजे रखवालदाराने दिला. जून लागला की गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की थंड नळाखाली हात धरवत नाही. तेव्हा गीझर बंद करून टाकायचा आणि अंघोळीला गरम पाण्याचा नळ सोडायचा. गीझरच्या पिंपातलं पाणी एसीच्या घरात राहून निवलेलं असतं. तेही बादलीभरच, पुढे टाकीचं सुरू होतं. सप्टेंबरपर्यंत घराघरात हा उलटा कारभार.

जुलैत वायव्येचा वारा सुटायचा आणि धूळ घेऊन यायचा. तिथे तिला तूज म्हणतात. खिडकीच्या फटींना ओले टॉवेल लावले तरी सकाळी ताटावर पिठासारखा थर. पण ही गरमी कोरडी. घाम अंगावर टिकतच नाही. शर्टावर मिठाचे पांढरे नकाशे तेवढे उरतात. ऑगस्टअखेरीस वारा फिरून समुद्रावरून दमट हवा आली की दाराबाहेर पाऊल टाकताक्षणी चष्मा पांढरा. पन्नास डिग्रीची कोरडी दुपार परवडली, पण ती चाळीसची ओली संध्याकाळ नको, असं आम्ही म्हणायचो. शाळा सुटल्या की बायकामुलं गावी जायची आणि बिल्डिंगभर नुसते नवरे उरायचे. फोनवर पलीकडे पत्र्यावर पाऊस वाजत असायचा, इकडे आम्ही खुबूस रोटीला पिठलं लावून खात असायचो. हारिस मात्र सुहैल तारा दिसण्याची वाट बघायचा. सुहैल म्हणजे आपला अगस्त्य. तो उगवला की उन्हाळ्याची पाठ मोडली, हा तिथला जुना हिशेब.

आता थोडं साइटबद्दल. कामगारांत एक पक्की समजूत होती: पारा पन्नासला गेला तर काम बंद करावं लागतं, म्हणून रेडिओवर कायम एकोणपन्नासच सांगतात. खरंखोटं देव जाणे, पण या समजुतीत त्यांना व्यवस्थेबद्दल जे कळलं होतं ते आमच्या मॅनेजरसाहेबांना कधी कळलं नाही. २०१५ चा सरकारी आदेश स्पष्ट आहे: १ जून ते ३१ ऑगस्ट, सकाळी अकरा ते दुपारी चार, उघड्यावर काम नाही. कागदावर उत्तम. पण कामगारांचा कॅम्प तासाभराच्या अंतरावर, आणि दुपारी बस सोडायची तर डिझेल कोण देणार? म्हणून माणसं साइटवरच थांबायची. प्लायवूड तिरकं टेकवून त्याखाली पडायची, ओला पंचा तोंडावर घेऊन. चारला पुन्हा उभी राहायची. पहाटे साडेतीनला उठलेला माणूस रात्री नवाला कॅम्पवर पोचायचा आणि हजेरीवर आठच तास लागायचे. बसचा एसी दुरुस्त करा म्हणून मी लिहिलेला कागद दोन उन्हाळे साहेबांच्या टेबलावर होता. टेबलामागे साहेब शाल पांघरून बसत, कारण त्यांच्या केबिनचा एसी अठरावर. हे मी त्यांना निरोपसमारंभात सांगणार होतो, पण त्यांचाच सत्कार होता.

शेजारच्या कतारमधला २०२२ चा फुटबॉल वर्ल्डकप उन्हाळ्यातून उचलून नोव्हेंबर-डिसेंबरात नेला गेला. खेळाडूंना सोसवणार नाही, हे जगाने मान्य केलं. ती स्टेडियमं मात्र बाराही महिने बांधली जात होती.

हळहळ वाटते ती कुवेतच्या सबीलची. जुन्या घरांच्या कुंपणाला लागून रस्त्यावरच्या कुणाहीसाठी थंड पाण्याचा नळ असायचा. बरेचदा घरातल्या दिवंगत माणसाच्या नावाने. आपल्या पाणपोईसारखाच. झाडूवाला, मेसेंजर, टॅक्सीवाला सगळे तिथे थांबत. शेवटी शेवटी आमच्या भागात त्यातले बरेच कोरडे दिसायचे आणि कोपऱ्यावर बाटल्या विकणारा फ्रीज आला होता. विजेचीही तीच गत. २ फिल्सला युनिट वीज वापरून सुट्टीत रिकामं घरही महिनाभर गार ठेवणारा तो देश. २०२४ च्या जूनमध्ये तिथेच भर उन्हाळ्यात भारनियमन करायची वेळ आली. ग्रुपवरचे वीर दोन तासांत हवालदिल झाले. लिफ्ट बंद, एसी बंद, अरेरे! कॅम्पमधल्या बंद एसीबद्दल इतकी वर्षं यांच्यातलं कुणी ब्र काढला नव्हता.

अजूनही गावाकडची पोरं तिकडे जायच्या आधी फोन करतात आणि पगाराचं विचारतात. बाबांनो, एजंटला आधी हे विचारा: कॅम्प साइटपासून किती लांब, बसला एसी आहे का, आणि अकरा ते चार बसायचं कुठे. उत्तर कागदावर लिहून घ्या. तो लिहून देत नसेल तर पासपोर्ट त्याच्या हातात देऊ नका.