माफी दिली कुणी? राऊल आल्फोन्सिन यांच्याविषयीचे काही गैरसमज

‘अर्जेंटिना, १९८५’ हा चित्रपट २०२२ मध्ये आला आणि लष्करशहांना कोर्टात उभं करणाऱ्या त्या देशाची गोष्ट आपल्याकडेही बऱ्याच जणांना कळली. चित्रपट सरकारी वकील हुलिओ स्त्रासेरा यांचा आहे. ज्यांच्या निर्णयामुळे खटला उभा राहिला ते राष्ट्राध्यक्ष राऊल आल्फोन्सिन त्यात जवळजवळ दिसतच नाहीत. म्हणून पुढे कुतूहलाने वाचायला गेलं की माणूस चक्रावतो, कारण याच आल्फोन्सिन यांनी नंतर दोन कायदे करून शेकडो लष्करी अधिकाऱ्यांना खटल्यांतून मोकळं केलं, असंही समोर येतं. मग कुणी त्यांना लोकशाहीचा जनक म्हणतं, कुणी शरणागत. हा माणूस मुळात वकील होता आणि त्याची चढाई जशी कायद्याच्या वाटेने झाली तशीच माघारही, हे दोघांच्याही लक्षात राहत नाही.

पहिला समज असा की फॉकलंडचं युद्ध हरल्यावर लष्कर कोसळलं आणि खटला ओघानेच आला. जून १९८२ च्या पराभवाने राजवट खिळखिळी झाली हे खरं. पण जाता जाता, सप्टेंबर १९८३ मध्ये, लष्कराने स्वतःलाच अभय देणारा कायदा करून ठेवला. निवडणुकीत आल्फोन्सिन यांच्यासमोर होते पेरॉनवादी पक्षाचे इतालो लुदेर, तेही घटनातज्ज्ञ वकील. लुदेर यांचं म्हणणं असं की कायदा उद्या रद्द केला तरी आरोपीला त्याचा फायदा मिळणारच, कारण फौजदारी न्यायात आरोपीला सर्वांत सौम्य कायदा लागू होतो. कायद्याच्या पुस्तकाप्रमाणे यात चूक काढणं अवघड होतं. आल्फोन्सिन यांनी दावाच वेगळा मांडला: गुन्हेगाराने स्वतःसाठी लिहिलेला कायदा जन्मतःच शून्यवत असतो. ३० ऑक्टोबर १९८३ ला मतदारांनी त्यांना जवळपास ५२ टक्के मतं दिली, लुदेर यांना ४० टक्के. खुल्या निवडणुकीत पेरॉनवादी राष्ट्राध्यक्षपद हरले ते पहिल्यांदाच. निकाल उलटा लागला असता तर तो चित्रपट निघालाच नसता, असं मला वाटतं.

आल्फोन्सिन अचानक उगवलेले नव्हते. १९२७ मध्ये ब्युनोस आयर्स प्रांतातल्या चास्कोमूस गावी जन्म, शिक्षण लष्करी शाळेत, पण पुढे वर्दीऐवजी वकिली. १९५४ मध्ये नगरपरिषदेवर निवडून आले, मग प्रांतिक विधिमंडळ, मग राष्ट्रीय संसद. डिसेंबर १९७५ मध्ये, म्हणजे लष्कराने सत्ता बळकावण्याच्या आधीच, मानवी हक्कांसाठीची स्थायी सभा स्थापन करणाऱ्यांत ते होते. पुढे लष्करी राजवटीत बेपत्ता केल्या गेलेल्यांसाठी हेबियस कॉर्पसचे अर्ज घेऊन ते कोर्टात गेले. प्रचारसभांत ते भाषणाच्या शेवटी देशाच्या घटनेची प्रस्तावना तोंडपाठ म्हणत आणि गर्दी त्यांच्याबरोबर म्हणे. वकिलाने सभा जिंकण्याचा याहून वकिली प्रकार माझ्या तरी पाहण्यात नाही.

खटल्याला ‘सुडाचा खास दरबार’ म्हणणारे आजही भेटतात. तसा दरबार कधी भरलाच नाही. सत्तेवर आल्याच्या पहिल्या आठवड्यात दोन आदेश निघाले: एक तीन लष्करी मंडळांतल्या नऊ सेनाप्रमुखांविरुद्ध, दुसरा डाव्या सशस्त्र गटांच्या नेत्यांविरुद्ध. याच जोडीमुळे डावे त्यांच्यावर आजवर नाराज आहेत. सरकारी हिंसा आणि बंडखोरांची हिंसा एकाच तराजूत घातली, असा त्यांचा आक्षेप आहे आणि तो बिनबुडाचा नाही. लेखक एर्नेस्तो साबातो यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने ८,९६० बेपत्ता व्यक्तींची नोंद केली, आणि मानवी हक्क संघटना तर ३०,००० चा आकडा धरतात.

शिवाय पहिली संधी लष्कराच्याच सर्वोच्च न्यायमंडळाला दिली होती. सेनेने स्वतःची साफसफाई स्वतः करावी, ही अपेक्षा. त्या मंडळाने सप्टेंबर १९८४ मध्ये कळवलं की सेनाप्रमुखांनी दिलेल्या आदेशांत आक्षेपार्ह काही नाही. तेव्हा कुठे प्रकरण नेहमीच्या मुलकी न्यायालयाकडे गेलं. २२ एप्रिल १९८५ ला सुनावणी सुरू झाली, ८०० हून जास्त साक्षी झाल्या आणि ९ डिसेंबरला निकाल लागला. नऊ सेनाप्रमुखांपैकी विदेला आणि मासेरा यांना जन्मठेप, तिघांना कमी मुदतीची कैद, चौघे निर्दोष. फॉकलंड युद्धाच्या वेळी सत्तेवर असलेले गाल्तिएरी या चौघांत होते, हे अनेकांना ठाऊक नसतं.

आता सर्वांत हट्टी गैरसमज: आल्फोन्सिन यांनी विदेलांना माफी दिली. नाही. माफी दिली त्यांच्यानंतर आलेल्या कार्लोस मेनेम यांनी, १९८९ आणि १९९० मध्ये. आल्फोन्सिन यांचे कायदे खालच्या फळीसाठी होते. डिसेंबर १९८६ च्या पहिल्या कायद्याने कोर्टांना ६० दिवस दिले, तेवढ्यात ज्याला समन्स गेलं नाही तो सुटला. घडलं भलतंच. न्यायाधीशांनी जानेवारीची सुट्टी सोडून शेकडो अधिकाऱ्यांना बोलावलं. त्यावर एप्रिल १९८७ मध्ये ईस्टरच्या आठवड्यात लेफ्टनंट कर्नल आल्दो रिको यांनी काम्पो दे मायोच्या तळावर बंड केलं. लाखो लोक लोकशाहीच्या बाजूने रस्त्यावर उतरले. राष्ट्राध्यक्ष हेलिकॉप्टरने बंडखोरांना भेटून आले आणि सगळं ठीक आहे, घरी जा, असं गर्दीला सांगितलं. जूनमध्ये दुसरा कायदा झाला: वरिष्ठांचा हुकूम पाळणारे जबाबदार नाहीत.

हे बंदुकीच्या धाकाने झालं असं कुणी म्हटलं तर नवल नाही. मात्र कल्पना बंडातून आलेली नव्हती. हुकूम देणारे, हुकुमापलीकडे जाणारे आणि फक्त पाळणारे अशा तीन पायऱ्या आल्फोन्सिन प्रचारातच मांडत होते. १९८४ मध्ये न्यूकेनचे सिनेटर एलियास सापाग, ज्यांचे दोन पुतणे लष्कराने मारले होते, त्यांनी अमानुष कृत्यांना हुकूम पाळल्याची ही सवलत नको अशी दुरुस्ती तेव्हाच्या कायद्यात करून घेतली. १९८७ च्या कायद्याने छळ आणि खुनापुरता तो अपवाद पुसून टाकला. माझ्या मते खरा दोष इथे आहे. मात्र बेपत्ता व्यक्तींच्या बळकावलेल्या बाळांचे गुन्हे त्या कायद्याबाहेर ठेवले होते आणि त्याच फटीतून पुढे विदेला पुन्हा तुरुंगात गेले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही कायदे घटनाबाह्य ठरवले, तेव्हा आल्फोन्सिन हयात होते.

राहिला शेवटचा समज, ‘मुदत अर्धवट टाकून पळाले.’ १९८९ मध्ये महागाईने तीन हजार टक्क्यांचा आकडा ओलांडला, दुकानं लुटली गेली, आणि डिसेंबरपर्यंत थांबण्याऐवजी त्यांनी ८ जुलैला सत्ता सोडली. पाच महिने लवकर, आर्थिक आघाडीवर पूर्ण हरून. पण सोडली ती दोन महिन्यांपूर्वी निवडून आलेल्या विरोधी पक्षाच्या मेनेम यांच्या हाती. एका पक्षाच्या निर्वाचित अध्यक्षाने दुसऱ्या पक्षाच्या निर्वाचित अध्यक्षाला पदाची सूत्रं देणं अर्जेंटिनात १९१६ नंतर घडलं नव्हतं.