दुष्काळाचा पट

बीडहून परळीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील वडवणी हे तालुक्याचे गाव इतिहासग्रंथांच्या सूचीत सहसा सापडत नाही. परंतु तेथून तेलगाव गाठून दक्षिणेकडे वळावे आणि धारूरचा घाट चढू लागावे, म्हणजे सतराव्या शतकातील दख्खनच्या एका भीषण हिवाळ्याची रणभूमी आपण तुडवीत आहोत हे ध्यानात येते. खाली सिंदफणा-गोदावरीच्या खोऱ्यातील काळी जमीन, वर बालाघाटाचे उथळ मातीचे पठार, आणि त्या पठाराच्या कडेला दऱ्यांचा आधार घेऊन उभा असलेला धारूरचा किल्ला, ज्याला निजामशाहीच्या अमलात फतेहाबाद असेही नाव मिळाले होते. पटावरचा युद्धखेळ रचण्याची हौस असलेल्या माणसाला पानिपत किंवा वॉटर्लू आठवावे हे स्वाभाविक आहे. मला मात्र असे वाटते की, नैसर्गिक आपत्तीनंतर परस्परविरोधी सत्ता एकाच मुलखावर कशा तुटून पडतात हे ज्याला सोंगट्यांच्या साहाय्याने समजून घ्यावयाचे आहे, त्याने वडवणीच्या पंचक्रोशीतच पट अंथरावा आणि त्यावर १६३० साल लिहावे.

त्या सालाची हकिकत थोडक्यात अशी. मलिक अंबर १६२६ मध्ये निवर्तला आणि निजामशाहीचा कणा मोडला. १६२९ च्या जुलैत दौलताबादेस लखुजी जाधवरावांचा दरबारात खून झाला आणि मोठमोठे मराठे सरदार त्या दरबाराला पारखे झाले. त्याच वर्षी आग्र्याहून पळालेला बंडखोर सरदार खानजहान लोदी याला मुर्तजा निजामशहाने आश्रय दिला, आणि त्याचे निमित्त करून शाहजहान बादशहा १६३० च्या वसंतात स्वतः बऱ्हाणपुरास येऊन ठाकला. नेमक्या याच सुमारास आकाश फिरले. बादशाही इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने नोंदविल्याप्रमाणे आदल्या वर्षीच बालाघाटात पाऊस झाला नव्हता आणि दौलताबादेकडे अवर्षण विशेष तीव्र होते. चालू वर्षी तर दख्खन व गुजरात या दोन्ही प्रांतांत पावसाने सपशेल दगा दिला. अशा मुलखात आझमखानाची मोगली फौज बीडकडे उतरली, तिने खानजहानावर छापा घालून त्याला पळावयास लावले, १६३१ च्या जानेवारीत धारूर जिंकले आणि तेथून परांड्यास वेढा घातला. परांडा पडले नाही. वेढा घालणाऱ्यांच्या जनावरांना कोसच्या कोस गवताची काडी मिळेना, तेव्हा आझमखानाने मोर्चे उठविले आणि तो धारूरकडे परतला. पुढे १६३४ मध्ये शहाजादा शुजा व महाबतखान यांनाही परांड्यास यश आले नाही; मध्यंतरी तो किल्ला विजापूरकरांच्या हाती गेला होता आणि तेथील मुलूख-ए-मैदान ही प्रचंड तोफ त्यांनी विजापुरास नेली होती.

आता खेळाविषयी. युद्धाचा पट केवळ मनोरंजनासाठी निर्माण झाला असे नाही. प्रशियातील बॅरन फॉन राइसविट्झ याने १८१२ मध्ये राजापुढे असे एक मेज ठेवले आणि त्याच्या लष्करी अधिकारी असलेल्या मुलाने १८२४ मध्ये त्याला नियमबद्ध रूप दिले: प्रत्यक्ष भूभागाचा मोठ्या प्रमाणावरील नकाशा, पथकांच्या जागी ठोकळे, नशिबाच्या वाट्याला फासे, आणि दोन्ही पक्षांचे हुकूम गुप्तपणे स्वीकारून त्यांना जेवढे दिसू शकेल तेवढेच दाखविणारा एक पंच. १८७६ मध्ये फेर्डी द्यु व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्याने नियमांचे जंजाळ छाटून पंचाच्या अनुभवावरच भिस्त ठेवण्याचा मार्ग दाखविला. पुढे एच. जी. वेल्स याने १९१३ मध्ये शिशाच्या शिपायांचे खेळ घरोघर नेले आणि १९५० नंतर अमेरिकेत षट्कोनी घरांचे छापील पट विक्रीस आले. दख्खनही या पटांवर आलेली आहे. विजयनगर, बहमनी राज्य व दिल्लीची सुलतानशाही यांच्यातील स्पर्धेवर बेतलेला एक तीन खेळाडूंचा खेळ अलीकडेच प्रसिद्ध झाला. अशा खेळातील एखादा विशिष्ट प्रसंग, म्हणजे आरंभीची मांडणी, प्रत्येक पक्षाचे साधनबळ, कालमर्यादा आणि जिंकण्याच्या अटी, यांना खेळाडू ‘सिनॅरिओ’ म्हणतात. तो रचणे हे नाटककाराचे आणि कारकुनाचे मिळून काम आहे.

आपत्तीचा प्रसंग रचताना बहुतेकांचा हात एकाच ठिकाणी घसरतो. खेळाच्या आरंभी एक फासा टाकावयाचा, ‘दुष्काळ पडला’ असे जाहीर करावयाचे, सर्वांची धान्याची शिल्लक निम्मी करावयाची आणि मग नेहमीप्रमाणे लढाईस लागावयाचे! भूकंपाच्या बाबतीत हे एक वेळ चालेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस जे घडले ते काही क्षणांत घडून गेले, आणि त्यानंतरचा सर्व काळ परिणामांचा होता. आपत्ती निवारणाच्या सरकारी यंत्रणा आज मेजावरचे जे सराव घेतात, तेही अशाच क्षणापासून सुरू होतात. दुष्काळ मात्र घडून जात नाही. तो चालू असतो, आणि त्याला वाढविणारे हात पटाभोवतीच बसलेले असतात. पाऊस न पडणे ही निसर्गाची करणी होती. परंतु उरलेला कडबा जाळणे, विहिरी बुजविणे, वाणसवद्याच्या वाटा बंद पाडणे आणि धान्याची पेवे उपसून नेणे ही फौजांची करणी होती. म्हणून माझ्या पटावर दुष्काळाचे वेगळे पान नाही. प्रत्येक पक्षाच्या प्रत्येक चालीनेच तो एक घर पुढे सरकतो.

कालगणना महिन्यांनी न करता नक्षत्रांनी करावी, कारण या मुलखात पावसाचा हिशेब तसाच होत आला आहे. हस्त कोरडा गेल्यावर, चित्रा नक्षत्रापासून खेळास प्रारंभ करावा आणि रोहिणीच्या अखेरीस तो संपवावा. एका नक्षत्राची एक पाळी धरली असता अठरा पाळ्या होतात. पहिल्या चार-पाच पाळ्यांत रब्बीची तुरळक आशा जिवंत असते, त्यानंतर प्रत्येक पाळीगणिक पाणवठ्यांच्या सोंगट्या उचलल्या जातात. घाटाखालील पाणवठे उशिरा आटतात, पठारावरचे आधी. त्यामुळे डावाच्या उत्तरार्धात सर्वांचीच दृष्टी आपोआप खालच्या खोऱ्याकडे वळते आणि पूर्वी बिनमहत्त्वाची वाटणारी वडवणीसारखी पायथ्याची ठाणी एकाएकी मोलाची ठरतात.

खेळाचा प्राण वैरणीच्या नियमात आहे आणि येथे थोडे अंकगणित सोसावे लागेल. एका घोड्याला दिवसाला आठ ते दहा किलो वैरण लागते, दाणा निराळा. दहा हजार घोड्यांची फौज घेतली तर रोजची गरज हजार क्विंटलांच्या घरात जाते. लमाणाचा पाठाळ बैल सव्वा क्विंटल ओझे वाहतो असे मानले, तर एका दिवसाच्या वैरणीस आठशे बैल हवेत, आणि ते बैलही वाटेने खाणारच. धान्य दूरवरून आणता येते. वैरण वजनाच्या मानाने इतकी अवाढव्य असते की ती प्रायः जागच्या जागीच मिळवावी लागते. यावरून नियम सरळ निघतो. फौज एका ठिकाणी जितक्या पाळ्या थांबेल, तितका तिचा चाऱ्याचा घेर वाढत जातो. घेर वाढला की चारा आणणाऱ्या टोळ्या मुख्य तळापासून दूर पडतात. आणि दूर पडलेल्या टोळीवर हलक्या घोडेस्वारांनी झडप घातली की वेढा घालणाराच वेढला जातो. या एका नियमाने, इतिहासाची कोणतीही सक्ती न करता, परांड्याचा वेढा बहुतेक डावांत उठतोच. एखाद्या डावात तो न उठता किल्ला पडला तर पडू द्यावा. जे घडले ते घडण्याचा संभव मोठा असावा, पण त्याखेरीज दुसरे काही घडूच नये असा पट रचणारा खेळ न रचता कीर्तन रचतो. २०१९ च्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या चालल्या. त्यांत ज्यांची गुरे बांधलेली होती, त्या वाचकांना हा नियम समजावून सांगावा लागणार नाही.

पक्ष किती असावेत? मोगल, निजामशाही आणि आदिलशाही हे तीन उघडच आहेत, परंतु त्यांचे हेतू समान ठेवू नयेत. मोगलांजवळ द्रव्य व मनुष्यबळ विपुल, पण त्यांची रसद बऱ्हाणपुराहून येणारी आणि म्हणून लांबलचक. निजामशाहीजवळ किल्ले आहेत, पण निष्ठा नाही: तिचा सेनापती मुकर्रबखान पुढे मोगलांस मिळाला, आणि तुरुंगातून मुक्त केलेल्या, मलिक अंबराच्या मुलाने, फत्तेखानानेच १६३२ मध्ये आपल्या धन्याचा प्राण घेतला. हे दोन्ही पुरुष पटावर सोंगट्यांच्या रूपाने न ठेवता उलट्या पानांच्या रूपाने ठेवावेत, म्हणजे ती पाने कोणत्या पाळीस उलगडतील या धास्तीत निजामशाहीचा खेळाडू सतत राहील. विजापूरकरांचे काम सर्वांत रंजक. त्यांचा सरदार रणदुल्लाखान याची फौज सरहद्दीवर उभी आहे. मोगलांशी सख्याची बोलणी चालू आहेत. आणि धारूर मोगलांच्या हाती येताच, हा किल्ला आमच्या वाटणीचा, अशी मागणी विजापूरकडून होते. ती मान्य केली तर मोगलांचा घाटमाथ्यावरील एकमेव आधार जातो, अमान्य केली तर कालचा मित्र चाऱ्याच्या टोळ्यांवर तुटून पडतो. वकिलांच्या बोलण्यासाठी प्रत्येक पाळीत थोडा वेळ राखून ठेवावा आणि तहनामे पाळण्याची सक्ती मुळीच करू नये.

चौथा पक्ष रयतेचा, आणि त्याच्यावाचून हा पट मांडण्यात मला काही अर्थ दिसत नाही. या खेळाडूजवळ एकही शिपाई नसतो. त्याच्याजवळ असतात गावे, कुळे, औते, आणि पालथ्या घातलेल्या पेवांच्या सोंगट्या, ज्यांपैकी काही भरलेल्या व काही रिकाम्या असतात. जमिनीत खणून, वर माती लोटून लपविलेले जोंधळ्याचे पेव परक्या फौजेस सहज सापडत नाही. ते दाखविणारा माणूस गावातलाच लागतो. तेव्हा पाटील-देशमुखांच्या वतीने खेळणाऱ्याने दर पाळीस ठरवावयाचे असते की, पेव दाखवून अभय मिळवावे, रिकामे पेव दाखवून वेळ काढावा, की गाव सोडून परागंदा व्हावे. गाव परागंदा झाले की त्याची सोंगटी उलटते. ओस गावातून धान्य मिळत नाही हे तर खरेच. पण तेथे वाटाड्या मिळत नाही, मोर्चे खणण्यास बेलदार मिळत नाहीत, शत्रू कोणत्या खिंडीने गेला हे सांगणारे कोणी उरत नाही. लुटीचा मार्ग स्वीकारणाऱ्या खेळाडूचा पट असा हळूहळू आंधळा होत जातो, आणि पंचाने त्याला दाखवावयाच्या बातम्या त्याच मानाने कमी कराव्यात.

उपकाराचेही माप ठेवावे. शाहजहानने बऱ्हाणपुरात लंगर उघडले आणि दर सोमवारी पाच हजार रुपये याप्रमाणे वीस सोमवारांत एक लाख रुपये वाटले. खालशाच्या परगण्यांत सत्तर लाखांच्या आसपास महसूल माफ झाल्याचे लाहोरी सांगतो. हे औदार्य खोटे मानण्याचे कारण नाही, पण ते बादशहाच्या तळाभोवती आणि त्याच्याच मुलखात झाले, जिंकावयाच्या मुलखात नव्हे. पटावर लंगराची सोंगटी जेथे ठेवावी तेथे परागंदा कुळे ओढली जातात. म्हणजे ती एका परगण्याला तारते आणि शेजारच्या परगण्याला अधिकच ओस करते. चतुर खेळाडू तिचा शस्त्रासारखा उपयोग करील. त्याला मनाई नसावी.

राहिला जयापजयाचा निवाडा. किल्ल्यांना गुण द्यावेत, पण थोडे. रोहिणी संपल्यावर ज्या परगण्यात कुळे, बियाणे आणि बैलजोडी ही तिन्ही शिल्लक असतील, तेथेच लागवडीखालील जमिनीचे चावर मोजावेत आणि त्यांचे गुण त्या परगण्याच्या धन्यास द्यावेत. उजाड मुलूख पुन्हा वसविण्यासाठी सरकार कौल देई, आणि पहिल्या वर्षी नाममात्र व पुढे चढत जाणारा इस्तावा ठरवून देई. तेव्हा शेवटच्या पाळीत खजिन्यातील उरलेले द्रव्य खर्चून खेळाडूने असा कौल जाहीर करावा आणि रयतेच्या खेळाडूने तो पटला तरच कुळे परत आणावीत. तदनंतर पंचाने मृगाचा फासा टाकावा. त्यात कोरडेपणाइतकाच अतिवृष्टीचाही धोका ठेवावा, कारण गुजरातेत १६३१ साली नेमके तेच झाले आणि वाचलेले पीक पाण्याने नेले.

शहाजीराजांना या पटावर स्वतंत्र पक्ष मानण्याचा मोह अनेकांस होईल. ते १६३० च्या अखेरीस मोगलांकडे गेले आणि १६३२ मध्ये तेथून निघाले. म्हणजे आपल्या अठरा नक्षत्रांच्या बहुतेक अवधीत त्यांची सोंगटी मोगलांच्याच रंगाची राहते. पेमगिरीस एका बालकाला निजामशाहीच्या गादीवर बसवून १६३६ पर्यंत त्यांनी जो डाव चालविला, त्यासाठी निराळा प्रसंग मांडावा लागेल, आणि त्याचा नकाशा बालाघाटावरून उचलून सह्याद्रीच्या कड्यांकडे न्यावा लागेल.