लालबाग ते लालबाग

रोज पहाटे लालबागेच्या लोखंडी फाटकाला सायकल टेकवून मी दम घेत उभा असतो. हे फाटक लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या धर्तीवर घडविलेले, हे जुन्या इंदूरकरांना सांगायला नकोच. माझे वडील ऐन विशीत याच फाटकातून गाण्याच्या हजेरीला जात. १९४८ साली संस्थान विलीन झाले, दरबार उठला. वडिलांपाशी उरला तो तंबोरा आणि तंबाखूचा विडा. मी त्यांचा उतारवयातला मुलगा. त्या विड्याने पुढे गालात घर केले. शेवटी शेवटी तोंड बोटभरही उघडेना, तेव्हा माझा चुकलेला स्वर ते मनगटावर टिचकी मारून दाखवीत. २००४ साली ते गेले.

येत्या मार्गशीर्षात मी या लालबागेपासून मुंबईच्या लालबागपर्यंत सायकलने जाणार आहे. मानपूरचा घाट, खलघाटची नर्मदा, सेंधवा, धुळे, नाशिक असा सुमारे ६०० किलोमीटरांचा रस्ता. मुंबईच्या लालबागला लागूनच परळ, आणि तेथे १९४१ पासूनचे टाटा स्मारक रुग्णालय. माझ्या शिष्यांच्या घरून किलोमीटरमागे एकेक रुपया मिळेल, तो कर्करोगाच्या संशोधनाला.

"गवयाला कसली सायकल?" असे पुष्कळजण हसतात. परंतु अमेरिकेत १९८० साली ३६ जणांनी अशीच फेरी काढली. त्या 'पॅन-मास चॅलेंज'चा निधी आजही कर्करोग संशोधनाला जातो. आपल्या नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी तर २०१५ साली आदिवासींच्या नेत्रोपचारांसाठी आळीपाळीने सायकल चालवून, नऊ दिवसांच्या आत, सुमारे ४,८०० किलोमीटरांची अमेरिका पार केली.

संशोधनाने होते काय? तोंडाचा कर्करोग प्रारंभीच सापडला, तर मानेतल्या लसग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढाव्यात, की त्यांत रोग दिसेपर्यंत थांबावे, हा वाद जुना होता. वडील गेले त्याच वर्षी टाटा रुग्णालयाने त्याची पारख सुरू केली. २०१५ साली ५०० रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध झाला: आधी ग्रंथी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी शेकडा ८० जिवंत, थांबलेल्यांपैकी ६७.५. दर शंभरांमागे बारा-तेरा माणसे!

वडिलांची वेळ हुकली. परंतु आज ज्याच्या गालात पहिला व्रण उठला असेल, त्याची हुकलेली नाही. त्याने उद्याच डॉक्टर गाठावा. वाचकहो, निघण्याच्या पहाटे फाटकापाशी निरोपाला अवश्य या. तंबाखूचा विडा मात्र त्याआधीच कायमचा सोडा.