रानटी डॅफोडिल : जातींची ओळख, संकर आणि लागवड

प्रस्तावना

विल्यम वर्डस्वर्थ यांची डॅफोडिलच्या फुलांवरील कविता महाविद्यालयीन इंग्रजीच्या वर्गात अनेक पिढ्यांनी अभ्यासली आहे. १५ एप्रिल १८०२ रोजी वर्डस्वर्थ आणि त्यांची भगिनी डॉरथी यांनी इंग्लंडच्या सरोवर प्रदेशातील अल्सवॉटरच्या काठी ही फुले पाहिली. डॉरथीच्या रोजनिशीत त्या दिवसाची नोंद आहे. कविता १८०७ मध्ये प्रसिद्ध झाली. ते फूल नेमके कोणते, हा प्रश्न मात्र वर्गात क्वचितच उपस्थित होतो. दिनदर्शिकांवर छापले जाणारे मोठे, गडद पिवळे डॅफोडिल हे बहुधा उद्यानात निर्माण केलेले संकर असते. अल्सवॉटरचे फूल म्हणजे नार्सिसस स्यूडोनार्सिसस ही रानटी जाती. ती वीतभर ते हातभर उंचीची असून तिची बाहेरची दले फिकट पिवळी आणि मधला कर्णा त्याहून गडद असतो. फूल किंचित खाली झुकलेले असते. या दोन फुलांत केवळ आकाराचा फरक नाही. एक निसर्गतः द्विगुणित आहे, तर दुसरे अनेक जातींच्या मिश्रणातून आलेले आणि बहुधा चतुर्गुणित आहे.

नार्सिसस वंशाचे मूळ क्षेत्र आयबेरियन द्वीपकल्प, म्हणजे स्पेन व पोर्तुगाल, आणि समोरचा मोरोक्को हे होय. तेथून काही जाती भूमध्य समुद्राच्या काठाने पूर्वेकडे व काही उत्तरेकडे पसरल्या. या वंशात एकूण जाती किती, याविषयी वनस्पतिशास्त्रज्ञांचे अद्याप एकमत नाही. १९८० मध्ये वेब यांनी युरोपच्या वनस्पतिसूचीत २६ रानटी जाती मानल्या. जॉन ब्लँचर्ड यांच्या १९९० च्या ग्रंथात त्यांची संख्या ६५ आहे. दहा वर्षांत जाती अडीचपट झाल्या असे अर्थातच नाही. या तफावतीचे एक महत्त्वाचे कारण म्हणजे या वंशातील संकर. संकर ओळखल्याशिवाय जाती ओळखता येत नाही आणि अनेकदा तो ओळखण्यासाठी बी पेरूनच पाहावे लागते. त्यामुळे ओळख व लागवड हे दोन विषय येथे वेगळे काढणे कठीण आहे.

बाह्यलक्षणांवरून ओळख

डॅफोडिलच्या फुलात सहा परिदले आणि त्यांच्या मध्यभागी पेल्यासारखा किंवा कर्ण्यासारखा मुकुट असतो. महाराष्ट्रात पावसाच्या आरंभी माळरानावर फुलणारे पॅन्क्रेशिअम याच कुलातील असून त्याच्याही फुलात पेला दिसतो. परंतु तो केसरतंतूंच्या तळाशी असलेले पडदे एकमेकांना जुळून बनलेला असतो. नार्सिससमध्ये केसर मुकुटापासून स्वतंत्र असतात. दोन्ही फुले शेजारी ठेवून दाखविल्यास हा भेद विद्यार्थ्यांच्या चटकन लक्षात येतो.

मुकुटाची लांबी हे पहिले लक्षण. ना. स्यूडोनार्सिससमध्ये मुकुट परिदलांइतकाच लांब असतो. ना. पोएटिकसमध्ये तो चपटा, बशीसारखा आणि लाल कडेचा असतो व परिदले शुभ्र असतात. ना. टॅझेटाच्या एका दांड्यावर अनेक सुवासिक फुले येतात. ना. जाँक्विलाची पाने गवताच्या काडीसारखी बारीक व गोलसर असतात. ना. बल्बोकोडियममध्ये मुकुट घेरदार परकराप्रमाणे फुगतो, परिदले मात्र अगदी चिंचोळी राहतात. केसर खालच्या बाजूस वाकून मुकुटावर टेकलेले असतात. ना. सायक्लॅमिनिअसची परिदले पूर्णपणे मागे वळलेली असतात.

या शेवटच्या जातीचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. पिएर वाले यांच्या १६०८ च्या चित्रसंग्रहात ती दाखविली होती. पुढे विल्यम हर्बर्ट यांनी १८३७ च्या आपल्या ग्रंथात असे फूल असणे हास्यास्पद आहे व ते कधीच सापडणार नाही, असा निर्वाळा दिला. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात पोर्तुगालच्या ओपोर्टो परिसरात ते जिवंत सापडले. हर्बर्ट हे आपल्या काळातील या कुलाचे सर्वांत मोठे अभ्यासक होते, हे ध्यानात घेतले म्हणजे केवळ चित्रावरून मत देण्यातील धोका स्पष्ट होतो.

फुलाची बाह्यरेषा पुरेशी नसल्याने आतील रचनाही पाहावी लागते. केसर एकाच उंचीवर आहेत की दोन वलयांत, कुक्षी त्यांच्या वर आहे की खाली, याची नोंद आवश्यक ठरते. ना. ट्रायअँड्रसमध्ये तर एकाच जातीत लांब, मध्यम व आखूड अशा तीन प्रकारच्या किंजला असलेली झाडे आढळतात. पोर्तुगालमधील हेन्रिकेस यांनी १८८७ मध्ये हे नोंदविले होते. नंतर बराच काळ त्यावर शंका घेतली गेली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या अभ्यासांनी ते पक्के ठरविले. एकच फूल पाहून वर्णन लिहिणारा अभ्यासक अशा ठिकाणी एका जातीच्या तीन जाती करण्याची शक्यता असते.

पेरून मिळालेला पुरावा

ज्या हर्बर्ट यांनी चित्रातील फूल नाकारले, त्यांनीच या वंशाच्या अभ्यासाला प्रयोगाची दिशा दिली, हा एक विरोधाभासच म्हणावा लागेल. व्यवसायाने ते धर्मगुरू होते. ना. इनकंपॅराबिलिस ही तोपर्यंत स्वतंत्र जाती मानली जात असे. हर्बर्ट यांनी ना. स्यूडोनार्सिसस आणि ना. पोएटिकस यांचा संकर घडवून, बी पेरून, तशीच फुले मिळविली. मध्यम लांबीचा मुकुट ही एका जातीची खूण नसून दोन जातींच्या मधली अवस्था होती. आजची बहुसंख्य उद्यान डॅफोडिले याच संयोगाच्या वंशावळीत येतात आणि ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या नोंदवहीत तीस हजारांहून अधिक नावे जमा झाली आहेत.

बाह्यलक्षणांनी न सुटणारे अनेक प्रश्न गुणसूत्रांच्या अभ्यासाने सुटले. या कामात पोर्तुगालमधील कोइंब्राचे अबिलिओ फर्नांडिस यांचे स्थान अग्रगण्य आहे. या वंशात मूळ गुणसूत्रसंख्येचे मुख्यतः दोन गट पडतात : स्यूडोनार्सिसस, पोएटिकस, जाँक्विला इत्यादींचा ७ चा गट आणि टॅझेटा व तिच्या आप्तांचा ५ किंवा त्यापासून आलेल्या १०-११ चा गट. पोएटिकसच्या पेशीत १४ आणि टॅझेटाच्या पेशीत २० गुणसूत्रे असतात. त्यांचा संकर ना. मेडिओल्यूटिअस याला एका बाजूने ७ व दुसऱ्या बाजूने १० मिळून १७ गुणसूत्रे मिळतात. विभाजनाच्या वेळी त्यांच्या जोड्या जुळत नाहीत आणि संकर वांझ राहतो. तरीही तो युरोपातील जुन्या बागांत शतकानुशतके टिकला आहे. कारण कंद फुटून वाढण्यासाठी बीजाची गरज नसते.

मात्र संख्या जुळली म्हणजे प्रजननक्षमता आलीच, असे समजणे चूक ठरेल. जाँक्विला आणि स्यूडोनार्सिसस या दोहोंत १४ गुणसूत्रे असूनही त्यांचा संकर ना. ओडोरस हा वांझ असतो. उलट, वांझ संकरातील गुणसूत्रे दुप्पट झाल्यास प्रत्येकाला जोडीदार मिळतो आणि एक नवी, बी धरणारी जाती उभी राहते. आग्नेय स्पेनमधील ना. टॉर्टिफोलिअसमध्ये ३६ गुणसूत्रे आहेत, म्हणजे १४ अधिक २२. ना. ड्यूबिअसमध्ये ५० आहेत : ना. असोॲनसचे १४ दोनदा आणि ना. पॅपिरेशिअसचे २२ एकदा. शरद ऋतूत फुलणाऱ्या ना. सेरोटिनसच्या नावाखालीही दोन भिन्न वनस्पती दडलेल्या होत्या. एकीत १० आणि दुसरीत ३० गुणसूत्रे आढळली. ही दुसरी ना. सेरोटिनस व २० गुणसूत्रांची ना. एलेगन्स यांच्या संयोगातून आलेली असल्याने २००५ मध्ये तिला ना. मिनिएटस हे वेगळे नाव देण्यात आले. माळ्याच्या बागेत जे घडते ते स्पेनच्या टेकड्यांवर त्यापूर्वीच घडून गेले होते.

लागवड

लागवडीचा पहिला नियम जातीच्या मूळ वसतिस्थानातून मिळतो. भूमध्य प्रदेशात हिवाळा ओला आणि उन्हाळा कोरडा असतो. कंद हिवाळ्यात वाढतो व उन्हाळ्यात सुप्त राहतो. टॅझेटा व जाँक्विला गटांना ही कोरडी, उष्ण विश्रांती लागते. ओढ्याकाठच्या आम्लधर्मी मातीत वाढणारी ना. सायक्लॅमिनिअस मात्र पूर्ण कोरडी पडता कामा नये. संकराच्या बाबतीत म्हणूनच आईबाप कोण, हे माहीत असणे उपयोगाचे ठरते. सायक्लॅमिनिअस व टॅझेटा यांच्या ‘सायक्लटाझ’ या संकराच्या एकाच बोंडातील तीन बियांपासून कॉर्नवॉलच्या ॲलेक ग्रे यांनी तीन वाण मिळविले; त्यांपैकी ‘तेत-आ-तेत’ आज जगभर कुंड्यांत विकले जाते. ते वांझ असल्याने त्याची सर्व झाडे मूळ एकाच कंदाचे अंश आहेत.

बियांपासून वाढ करावयाची असल्यास उन्हाळ्यात पिकलेले बी शरद ऋतूपर्यंत खोल कुंडीत, निचऱ्याच्या मातीत पेरतात. हिवाळ्यात उगवण होते. पहिल्या वर्षी दोऱ्यासारखे एकच पान येते. रोपे दोन वर्षे हलवू नयेत. बल्बोकोडियम साधारण तिसऱ्या वर्षी फुलते, तर स्यूडोनार्सिससला पाच किंवा अधिक वर्षे लागतात. संकर करताना मादी म्हणून निवडलेल्या फुलातील परागकोश फुटण्यापूर्वी काढावे लागतात आणि नावाची चिठ्ठी त्याच क्षणी बांधावी लागते. हौशी माळ्यांच्या हातून नेमकी चिठ्ठीच राहते आणि पाच वर्षांनी उमललेल्या सुंदर फुलाला शास्त्रीय मूल्य उरत नाही. फूल ओसरल्यावर पाने कापू नयेत, त्यांच्या गाठीही मारू नयेत. पुढील वर्षाचे अन्न तीच साठवितात. कंदातील सूत्रकृमींवर विस्लीच्या प्रयोगशाळेत रॅम्सबॉटम यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात ऊन पाण्याचा उपाय शोधला. सुमारे ४४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तीन तास कंद बुडविण्याची ही पद्धत आजही चालते.

महाराष्ट्रातील हवामान या वनस्पतींच्या नेमके उलट आहे. कंद झोपलेला असतो तेव्हा येथे पाऊस पडतो आणि ओल्या मातीत तो कुजतो. टॅझेटा गटातील, विशेषतः ना. पॅपिरेशिअसच्या कंदांना थंडीची फारशी गरज नसल्याने ते हिवाळ्यात कुंडीत फुलू शकतात. पुढे मात्र पावसाळाभर त्यांना कोरड्या जागी ठेवावे लागते. काश्मीरमध्ये नर्गिस या नावाने रुळलेले फूल याच टॅझेटा गटातील आहे. कर्ण्याच्या जातींना कित्येक आठवडे सलग थंडी लागत असल्याने येथे त्यांचा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

रानटी वसाहतींचा प्रश्न

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यातील डिमॉक परिसर रानटी डॅफोडिलांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील फुले लेडबरी ते ग्लॉस्टर या रेल्वेमार्गाने शहरांत जात. त्या मार्गालाच डॅफोडिल मार्ग म्हटले जाई. १९५९ मध्ये त्यावरील प्रवासी वाहतूक बंद झाली. रानातील कंद जमीनमालकाच्या परवानगीविना उपटण्यास १९८१ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये मनाई आहे. कायदा कंद उपटणाऱ्याला रोखतो; परागाला रोखू शकत नाही. रस्त्याच्या कडेला शोभेसाठी लावलेल्या चतुर्गुणित डॅफोडिलाचा पराग कीटकांमार्फत शेजारच्या कुरणातील द्विगुणित फुलांपर्यंत पोहोचतो आणि २१ गुणसूत्रांची त्रिगुणित संतती संभवते. अशा रोपाची पाने कोवळ्या वयात रानटी रोपांहून वेगळी ओळखता येत नाहीत. त्याला फूल येईपर्यंत पाच-सहा वर्षे जातात आणि तोवर शोभेच्या झाडांचे आणखी पाच-सहा बहर येऊन गेलेले असतात.